हॉर्न स्पीकरला खालचा बेस जोडायचाय? कौलारू घरात केलेला सगळा खटाटोप, पायरी पायरीने

आमच्या माजघरात जे दोन मोठे भोंगे उभे आहेत ते एका बंद पडलेल्या टॉकीजमधले. छोटा हत्ती करून देवगडजवळ गावी आणले तेव्हा अर्ध्या वाडीला वाटलं हा आता डीजे लावणार. आवाज मात्र असा की गायक समोर बसलाय, त्याने घेतलेला श्वास ऐकू येतो, पाच वॅटच्या अँपवर घर भरतं. फक्त खाली काहीच नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावल्यावर जो पोटात उतरणारा नाद निघतो ना, तो यांच्यातून नुसता "टप" असा यायचा. दोन वर्षं त्याच्या मागे होतो, त्यात काय चुकलं आणि काय जमलं ते सगळं सांगतो, म्हणजे तुमचं प्लाय तरी वाया जाणार नाही.

आधी सगळेच करतात ती चूक. अँपचा बेसचा नॉब उजवीकडे फिरवायचा. मी पण केलं. हॉर्न म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यासमोरच्या (कोनसमोरच्या) हवेला हळूहळू मोठी होत जाणारी वाट, त्या हवेचा भार पडद्यावर असतो म्हणून पडदा थोडासाच हलून मोठा आवाज देतो. पण प्रत्येक हॉर्नची एक खालची हद्द असते, तिच्या खाली गेलं की तो भार नाहीसा होतो आणि पडदा मोकाट सुटलेल्या रेड्यासारखा पुढेमागे धावतो, आवाज काही येत नाही. मी टॉर्च मारून बघितलं तर वूफर, म्हणजे हॉर्नमागचा खालच्या सुरांचा स्पीकर, बोटभर हलतोय आणि कानाला काहीच नाही! तसाच चालू ठेवला असता तर कॉइल गेली असती. तेव्हा हे पक्कं समजा, आहे त्या हॉर्नमधून आणखी खालचं पिळून निघत नाही, खालचं काम दुसऱ्याला द्यायचं आणि हॉर्नला त्या कामातून सोडवायचं.

तुमचा हॉर्न कुठे हात टेकतो ते आधी शोधा

लॅपटॉप असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सोबत यूएसबीवाला मेजरमेंट माइक. माइक हॉर्नच्या तोंडाशीच धरा, वीतभर अंतरावर, म्हणजे खोलीचा गोंधळ मध्ये येत नाही. ग्राफ जिथून घसरगुंडी सुरू करतो तो आकडा वहीत लिहा. माझा ७० हर्ट्झ (सेकंदाला ७० कंपनं) आला.

माइक नसेल तर मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, अँपला जोडा आणि १२० पासून दहा-दहाने खाली या, ११०, १००, ९० असं. आवाज लहान ठेवा हां. इथे दोन गोष्टी फसवतात. एक, आपला कानच खालच्या सुरांना मठ्ठ आहे, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं, त्यामुळे कानाने ऐकताना खरी घसरण आहे त्याच्या आधीच वाटते. दुसरं जास्त गमतीचं, ४० चा टोन दिला की ऐकू येतो पण नीट कान दिला तर तो ८० चा असतो, म्हणजे स्पीकर वाकडा वाजतोय, दुप्पट सूर काढतोय. टोन खाली नेताना सूर खाली जायच्या ऐवजी तिथेच घुटमळतोय असं वाटलं की समजा हद्द संपली.

किती खाली जायचंय, हे आपल्या गाण्यांवरून ठरवा

सगळे म्हणतात २० हर्ट्झ पाहिजे. कशाला? काळी एक पट्टीत गाणाऱ्या बुवांच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास पडतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१. पियानोची सगळ्यात डावी पट्टी साडेसत्तावीस. म्हणजे भजन, नाट्यसंगीत, ख्याल एवढंच ऐकत असाल तर ४० पर्यंत गेलात तरी पोट भरतं. जुन्या रेकॉर्डमध्ये त्याच्या खाली बहुतेक टर्नटेबलची घरघरच असते. सिनेमा बघायचा असेल, इलेक्ट्रॉनिक गाणी ऐकायची असतील तर ३० च्या खाली जायला अर्थ आहे. आणि हे खाली जाणं फार महाग पडतं, कारण तेवढाच आवाज ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली की पडद्याला चौपट हलावं लागतं. ४० वरून २० वर जाणं म्हणजे दुप्पट खर्च नाही, त्याहून बरंच जास्त. मी ३० वर थांबलो.

बेस पण हॉर्नचाच करायचा का?

मनात पहिलं हेच येतं, वरती हॉर्न तर खाली पण हॉर्न, जोडी जमेल. मग गणित मांडलं आणि गप्प बसलो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरा, म्हणजे ४० हर्ट्झची एक लाट ८.६ मीटर लांब. मोकळ्यावर ठेवलेल्या हॉर्नच्या तोंडाचा घेर साधारण तेवढा लागतो, म्हणजे तोंडाचा व्यास पावणेतीन मीटर, आमच्या पडवीपेक्षा रुंद! कोपऱ्यात ठेवला की जमीन आणि दोन भिंती मिळून उरलेला हॉर्न बनतात आणि तोंड आठव्या हिश्श्यावर येतं, पाऊण चौरस मीटर. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये आणलेला क्लिप्शहॉर्न याच युक्तीवर उभा आहे, आतून घडी घातलेला आणि खोलीच्या कोपऱ्यालाच भोंगा बनवणारा. पण त्याला दोन चांगले, अखंड, टणक कोपरे लागतात. आमच्याकडे एका कोपऱ्यात देवघर आणि दुसऱ्यात माळ्यावर जायची शिडी. तुमच्याकडे कोपरे मोकळे असतील आणि सुतारकामाची हौस असेल तर जरूर करा, कमी वॅटमध्ये तसा बेस दुसरं काही देत नाही. टॅप्ड हॉर्न म्हणून एक प्रकार असतो, त्यात ड्रायव्हरची (डब्यात बसवायच्या नुसत्या स्पीकरची) एक बाजू हॉर्नच्या सुरुवातीला आणि दुसरी तोंडाजवळ उघडते, तो त्या मानाने लहान होतो, पण तो सुद्धा कपाटाएवढा.

राहिले दोन, बंद डबा आणि पाइपवाला डबा. बंद डबा सोपा, चुका माफ करतो, खाली हळूहळू उतरतो, दर ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की, १२ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप). पाइपवाला ठरलेल्या जागेपर्यंत दम देतो आणि मग २४ डीबीने कोसळतो, आणि त्या ठरलेल्या जागेच्या, म्हणजे ट्यूनिंगच्या, खाली त्याचा पडदा पण तसाच मोकाट सुटतो, म्हणून अगदी खालचं कापणारा सबसॉनिक फिल्टर लागतोच. हॉर्नसोबत मी पाइपवाला घेतला, कारण नुसतं एकच, ताकद.

ताकदीचं गणित

हे नीट बघा, बहुतेकांचं इथे फिसकटतं. टॉकीजचे भोंगे एका वॅटला एका मीटरवर १०२ ते १०४ डीबी देतात. चांगला १५ इंची सब, म्हणजे सबवूफर, फक्त खालच्या सुरांचा स्पीकर, तेवढ्यातच ९० ते ९२. बारा डीबीचा फरक धरला तरी सबला १६ पट वॅट लागतात. हॉर्नला दणक्याला १० वॅट जात असतील तर सबला १६० पाहिजेत. बाजारात मिळणारा घरगुती आठ इंची सब या भोंग्यांच्या बाजूला ठेवला की त्याचा जीव जातो, तो आधी दबतो मग फाटतो, आणि लोक म्हणतात "हॉर्नसोबत सब जमत नाही, बेस स्लो वाटतो." स्लो-बिलो काही नसतं, एक तर तो दमलेला असतो नाहीतर वेळेवर पोचत नसतो. वेळेचं पुढे सांगतो.

दोन सब एकत्र ठेवून दोघांना तेवढीच पॉवर दिली की ६ डीबी जास्त मिळतात. म्हणून एक अजस्र घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या असं माझं मत, हळूहळू घेता पण येतात. डीजेवाल्यांचा जुना १८ इंची डबा स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नका, ते बहुतेक ४० ते ४५ ला ट्यून केलेले असतात, छातीवर मारतात पण खाली जात नाहीत.

डबा

ज्या ड्रायव्हरसोबत त्याचे आकडे छापील मिळतात तोच घ्या, एफएस, क्यूटीएस, व्हीएएस (डब्याचं माप ठरवायला लागणारे कंपनीचे आकडे) आणि पडदा किती हलतो ते. आकडे विनआयएसडी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, डबा किती लिटरचा हे ते सांगतं. माझ्या १५ इंचीला १२० लिटर आणि २८ हर्ट्झचं ट्यूनिंग आलं. पाइप म्हणजे आपला नेहमीचा १६० मिलिमीटरचा पीव्हीसी, पन्हळीचं पाणी उतरवायला लावतो तो, आतून साधारण १५ सेंटीमीटर. लांबी ४५ सेंटीमीटर, यात प्लायची जाडी धरलेली आहे. ड्रायव्हर, पाइप आणि आतल्या पट्ट्या जागा खातात, त्यामुळे डब्याचं आतलं माप १४० लिटर धरलं, ४५ रुंद, ६२ उंच, ५० खोल. तुमचा ड्रायव्हर वेगळा असेल तर हे आकडे वेगळे येणार, डोळे झाकून कापू नका.

पाइप मी खालच्या फळीला लावला, तोंड जमिनीकडे, आणि डब्याला १५ सेंटीमीटरचे पाय. पाइप समोर लावला असता तर त्याचं आतलं टोक मागच्या फळीला जवळ जवळ चिकटलं असतं, कमीत कमी पाइपच्या व्यासाएवढी जागा सोडावी लागते. दुसरं म्हणजे पावसाळ्यात आमच्या लादीला घाम येतो, डबा जमिनीवर टेकलेला नको.

प्लाय मरीनच घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून, १८ मिलिमीटर. एमडीएफ सगळीकडे सांगतात, मुंबई-पुण्याला ठीक असेल, इथे खाऱ्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत कडा पावासारख्या फुगतात, माझा पहिला डबा तसाच गेला. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये एक डबा होतो, शिवाय समोरची फळी डबल करायला आणि आतल्या पट्ट्यांना पुरतं. सुतारकाकांनी विचारलं "कपाट का?", म्हटलं कपाटच समजा पण फटीतून हवा जाता कामा नये. सांध्यांना फेविकॉल भरपूर, वर स्क्रू, मग आतून परत एक हात. समोरासमोरच्या फळ्यांना आडवी पट्टी द्या, मूठ आपटली की "ठक" असा कोरडा आवाज यायला पाहिजे, "ढब" आला तर अजून पट्टी पाहिजे. ड्रायव्हरच्या पडद्याची कडा रबराची किंवा कापडाची बघून घ्या, फोमची इथे भुगा होते.

अँप आणि क्रॉसओव्हर

सबला वेगळा अँप, यावर वाद नको. मध्ये एक डीएसपी क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर सबला आणि वरचे हॉर्नला वाटून देणारा, छोटा डबा असतो, दोन इनपुट चार आउटपुट, त्यात फिल्टर, डिले (आवाज थोडा उशिरा सोडणं), ईक्यू (ठरावीक सूर कमीजास्त करणं) सगळं मिळतं. हॉर्न ७० ला घसरत असेल तर तोडायची जागा त्याच्या थोडी वर ठेवा, मी ८० घेतली. फिल्टर लिंकविट्झ-रायली प्रकारचा, २४ डीबीचा उतार, दोघांनाही, हॉर्नला खालून कापायचं आणि सबला वरून. १९७६ पासूनचा हा प्रकार आहे, खासियत एवढीच की दोन्हीची बेरीज जोडाच्या जागी सपाट येते. हॉर्नला खालून कापणं विसरू नका, मघाशी सांगितलेला मोकाट पडदा इथेच बांधला जातो, आणि गंमत म्हणजे वरचा आवाज पण स्वच्छ होतो. सबला २५ च्या खाली सबसॉनिक फिल्टर.

हम्म असा आवाज आला तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा द्या आणि घरी पाठवा. आपल्याकडे जांभ्याची जमीन, एप्रिल-मेमध्ये खडखडीत सुकते आणि अर्थिंग कमजोर होतं, अर्थच्या खड्ड्यात पाणी घालत जा. अवकाळीच्या विजा सुरू झाल्या की प्लग बाहेर, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

जागा

सब कुठे ठेवायचा याची एक जुनी युक्ती आहे, दिसायला वेड्यासारखी. सब उचलून तुमच्या ऐकायच्या खुर्चीच्या जागी ठेवा, बेसची एखादी चाल लावा जिच्यात सूर वरखाली होतात आणि स्वतः भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा, कान सबच्या उंचीला. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, एकही फुगणार नाही की गायब होणार नाही, तिथे सब ठेवायचा. आवाजाची वाट दोन्हीकडून सारखीच असते म्हणून हे चालतं. मी असा रांगत असताना आई दारात उभी, म्हणाली "काय हरवला रे?"

का करायचं हे? खोलीला स्वतःचे सूर असतात. आमचं माजघर ६ मीटर लांब, ४ रुंद, म्हणजे ३४४ ला लांबीच्या आणि मग रुंदीच्या दुपटीने भागा, २९ आणि ४३ हर्ट्झ. तिथे बेस फुगतो. कोपऱ्यात सब ठेवला की आवाज सगळ्यात मोठा पण हे सूर पण सगळे जागे होतात. कौलारू घरात एक वेगळं होतं, भिंती जांभ्याच्या, जाड, त्या बेस अडवतात, पण छपरातून तो सरळ निघून जातो. त्यामुळे स्लॅबच्या घरासारखा घुमत नाही, हा फायदा, आणि सबला जास्त राबावं लागतं, हा तोटा, शिवाय शेजाऱ्यांना तुमची आवडनिवड पाठ होते. स्लॅबचं घर असेल तर एकाच सबने पण भागू शकतं.

वेळ जुळवणं, खरी मेख इथेच

पहिल्यांदा सब लावला तो खुर्चीजवळ, हॉर्नपेक्षा मीटरभर पुढे. चालू केला आणि बेस कमी झाला! वाढायचा सोडून कमी. सबचा आवाज वाढवला तर अजून पोकळ. दोन दिवस वायरी तपासल्या. मग टेप घेऊन बसलो तेव्हा ट्यूब पेटली. माझ्या हॉर्नमध्ये वूफर आत बसलाय, घडीतून बाहेर यायला त्याच्या आवाजाला १.२ मीटर चालावं लागतं. सब १ मीटर पुढे. म्हणजे सबचा आवाज २.२ मीटर आधी, वेळेत ६.४ मिलिसेकंद. ८० हर्ट्झची अर्धी लाट किती? सव्वासहा मिलिसेकंद. एक पुढे ढकलतोय त्याच क्षणी दुसरा मागे ओढतोय, दोघं मिळून शून्य.

तर करायचं असं. टेपने अंतरं मोजा, हॉर्नच्या आतली वाट पण धरा, दर ३४ सेंटीमीटरला १ मिलिसेकंद. जो आधी पोचतो त्याला तेवढा डिले द्या. साध्या डब्याचा सब असेल तर बहुतेक वेळा सबलाच द्यावा लागतो, बेस हॉर्न केला असेल तर त्याची वाट लांब म्हणून वरच्या भोंग्यांना. हा झाला अंदाज. आता बारीक जुळवणी, सबच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडा, लाल काळी अदलाबदल. ८० चा टोन लावा, एक हॉर्न आणि सब दोन्ही चालू, खुर्चीत बसा, मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप. डिले अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने वरखाली करत जा, आवाज सगळ्यात कमी जिथे होतो, अगदी खड्ड्यात पडल्यासारखा, ती जागा पकडा. मग वायरी परत सरळ करा. जिथे उलटे असताना सगळ्यात जास्त मारामारी होती तिथे सरळ असताना सगळ्यात घट्ट मैत्री असते. वाढवून वाढवून जुळवण्यापेक्षा हे सोपं, कारण कानाला शिखर कळत नाही, खड्डा लगेच कळतो. अंदाजाच्या आकड्यापासून फार लांब भटकू नका, साडेबारा मिलिसेकंदांनी तसाच दुसरा खड्डा येतो आणि तो खोटा असतो. सब शेवटी बाजूच्या भिंतीला गेला, तिथून तो हॉर्नपेक्षा ३५ सेंटीमीटरच जवळ, माझा डिले साडेचार आला.

ईक्यूबद्दल थोडक्यात, फुगलेलं कापा, पडलेलं भरू नका. खड्डा खोलीमुळे असतो, तिथे कितीही पॉवर ओता, अँप गरम होईल आणि खड्डा तिथेच. माझ्याकडे ४३ ला एकच कट आहे, ५ डीबीचा. सबचा आवाज हॉर्नपेक्षा तीनेक डीबी वर ठेवला तर कानाला बरं वाटतं, त्याहून जास्त दोन दिवस आवडतं, तिसऱ्या दिवशी डोकं दुखतं.

आणि मग कौलं

सगळं जुळलं, पखवाज लावला, आणि वरून टाळ्यांसारखा कडकडाट. मंगलोरी कौलं रीपांवर नुसती टेकलेली असतात, त्यात वानर वर्षभर उड्या मारून त्यांना हलवून ठेवतात. ३६ हर्ट्झला एक पूर्ण ओळ नाचत होती. आई म्हणाली, "वांदर परवाडले, पण ह्यो तुझो डबो नको." टोन जनरेटर लावून ठेवायचा, २५ पासून १०० पर्यंत हळू न्यायचा आणि एकाने शिडीवर चढून हात लावत जायचं, जिथे हात लावल्यावर थांबतं ते कौल. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे खाली सरकवले. तसंच खिडकीचे गज, मांडणीवरचे तांबे, देवघरातली घंटा, मीटरच्या पेटीचं झाकण. अर्धा दिवस जातो, पण हे केल्याशिवाय सबला नावं ठेवू नका, मला जे "फाटल्यासारखं" वाटत होतं त्यातलं बरंचसं घरच वाजत होतं.

पावसाळ्यात सिस्टिम रोज तासभर तरी चालू ठेवा, उबेने ओल धरत नाही. स्पीकरच्या वायरींची टोकं हिरवी पडतात, जूनच्या आधी आणि गणपतीनंतर टोकं कापून नवीन करा. आणि पाइपच्या तोंडाला जाळी. माझी लावायची राहिली होती. ऑगस्टमध्ये बेस हळूहळू कमी होत गेला, मी डीएसपी उघडून आकडे बघत बसलो, मग डबा आडवा केला तर पाइपमध्ये उंदराने नारळाच्या सोडणाचं घरटं केलेलं, आत चार पिल्लं. जाळी स्टेनलेसची घ्या, साधी दोन महिन्यांत गंजते.